सिन्नरहून उत्तर नाही

मळ्यातलं घर, ता. कळवण
१७ डिसेंबर २०२४

प्रफुल्ल,

आधी तुझ्या मोठ्या काकाचा आशीर्वाद घे आणि मग पुढचं वाच, कारण पुढं आशीर्वादासारखं काही नाय.

फोन बंद करून तुझ्या काकूच्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय. म्हणून हा कागद. पोस्टातला पोरगा म्हणाला, आण्णा, तिकीट कशाला घेता, व्हॉट्सॲप करा की. मी म्हटलं, तू तिकीट दे.

काय झालं ते ऐक. दिवाळीनंतर तू आपल्या वधूवर मंडळाचं ते ॲप माझ्या फोनात टाकून दिलंस. मनीषाचा फोटो, शिक्षण, उंची, सगळं तूच भरलंस. म्हणालास, आण्णा, स्थळ आवडलं की 'प्रस्ताव पाठवा' वर बोट लावायचं, बाकीचं ॲप बघून घेईल. मला सिन्नरच्या देवरामचा महेश आवडला. कारखान्यात कायम हाय, माणसं सरळ, घरात आरडाओरडा नाय. बोट लावलं. एकदाच लावलं. मग गप बसलो.

तू शहरात वाढलास म्हणून सांगतो. आपल्यात मुलीच्या बापाला तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाय. स्थळ कळवायचं आणि थांबायचं. पसंत असलं तर निरोप येतो. नसलं तर काहीच येत नाय, आणि बाप काय ते समजून घेतो. पुन्हा विचारायचं नाय. पुढं दोन्ही बाप कुठल्या लग्नात भेटले तर कांद्याच्या भावाचं बोलतात, एका पंगतीला बसतात, कोणाची मान खाली जात नाय. माझ्याकडं तर लोक मुद्दाम यायचे. आण्णा, अमक्याकडून अजून काही आलं नाय, काय समजायचं? मी चहा द्यायचो आणि दुसरं स्थळ सुचवायचो. तेवढ्यानं त्यांना कळायचं.

देवरामकडून काही आलं नाय. वाईट वाटलं, पण समजलो.

परवा नाशिकला लग्नाला गेलो होतो. देवरामची बायको बायकांत बसलेली. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला आणि बाकीच्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं सदऱ्याला काही लागलंय. मग मंडळातल्या एकानं मला मांडवाच्या मागं नेलं. म्हणतो, "आण्णा, एवढं काय? रोज सकाळी? पोरगी जड झालीये का घरात?" मी म्हटलं, काय रोज सकाळी? तेव्हा त्यानं सांगितलं. देवरामच्या फोनवर रोज सकाळी माझं नाव येतं, मनीषाचा फोटो येतो, आणि खाली लिहिलेलं असतं, 'कृपया विचार व्हावा, ही नम्र विनंती.' आणि जोडलेले हात. दिवाळी झाल्यापासून रोज, माझ्या नावानं, हात जोडून.

न जेवता निघालो. तुझी काकू विचारत होती काय झालं, तिलाही एसटीत बसेपर्यंत सांगवलं नाय.

तू शिकलेला हायस. मला एवढंच सांग, माझ्याकडून कुठलं बटण चुकीचं दाबलं गेलं? बोटं जाड हायेत माझी, मातीत गेलेली. पण काय चुकलं ते कळलं पाहिजे. तुझ्या बापाला यातलं काही बोलू नको.

मोतीराम


नाशिक
२८ डिसेंबर २०२४

आदरणीय आण्णा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळे जण पाकीट हातात घेऊन बघत होते, हल्ली पत्र येतंच कुठे कोणाला.

तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. ॲप नवीन आहे, असं थोडंफार होतं. मी तुम्हाला ते कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल.

मंडळाचा एक संगणक आहे, त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. तो मधला माणूस समजा. तुमचा फोन त्याला निरोप देतो, तो देवरामकाकांच्या फोनला देतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक वेळी फोननेच विचारायचं, "माझ्यासाठी काही आहे का?" तो हो-नाही म्हणणार, की बोलणं संपलं. पुन्हा हवं तर पुन्हा विचारा. आणि उत्तर येईपर्यंत फोन ताटकळत उभा. मी ते सगळं बदललं. आता दोघांमधली लाईन उघडीच राहते. सर्व्हरला वाटेल तेव्हा तो बोलतो, फोनला वाटेल तेव्हा फोन बोलतो, कोणी कोणासाठी खोळंबून राहत नाही. नाशिकमध्ये एवढ्या लहान मंडळाकडे असं काही नाही. आमचे साहेबसुद्धा म्हणाले, हे तू एकट्याने केलंस?

तुमच्या बाबतीत रेंजचा प्रश्न झाला असावा. मळ्यात नेटवर्क येतं-जातं. फोनही जुना आहे. कदाचित बोट थोडा वेळ दाबून राहिलं असेल आणि त्यामुळे प्रस्ताव पुन्हा पुन्हा जात राहिला. असं कोणाकडूनही होतं, आण्णा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी आता दुरुस्ती केली आहे. रोजचा निरोप बंद. तुम्ही बिनधास्त फोन चालू करा.

एक आनंदाची बातमी. ९ फेब्रुवारीला मंडळाचा मेळावा आहे, त्यात ॲपसाठी माझा सत्कार ठरला आहे. बाबा तर आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटले आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, आधीच सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार, मनीषाला आशीर्वाद.

तुमचा,
प्रफुल्ल


मळा
१४ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

संक्रांत हाय आज. तिळगूळ घे.

तर बोटच होतं. बरं झालं कळलं. मी तुझ्या काकूला सांगितलं, माझंच बोट दाबून राहिलं. ती म्हणाली, तुम्ही दाराची कडीसुद्धा दोनदा ओढून बघता, दाबलं असेल. मनीषा तिथंच वाटाणे सोलत होती.

तू लिहिलंस बिनधास्त फोन चालू करा, म्हणून चालू केला. साड्यांखालून काढला, चार्जिंगला लावला. दोघी शेजारीच बसलेल्या. चालू झाल्याबरोबर टिंग करून वाजलं आणि लाल अक्षरात आलं, 'आपला प्रस्ताव समोरील कुटुंबाने अमान्य केला आहे.' मनीषाचा फोटो, त्याच्यावर लाल फुली.

प्रफुल्ल, माझ्या आज्यापासून कोणी असं लिहून दिलेलं मी बघितलेलं नाय. देवरामही असं म्हणणार नाय, मी त्या माणसाला ओळखतो. मग म्हटलं कशाला शंका घ्यायची, महिनाभर रोज दारात उभा राहिल्यावर माणूस काय करणार. कंटाळून म्हणाला असेल. पण पोरीसमोर आलं रे ते. तिनं वाचलं, उठली आणि वाटाण्याची पाटी आत घेऊन गेली. मी सिमकार्ड काढून चुलीत टाकलं.

आता मी कळवणच्या बाजारालाही जात नाय. झेंडू काढला की गड्याबरोबर पाठवतो. परवा एक जण स्थळाचं विचारायला आला, त्याला मी घरात असून नाय म्हणून सांगायला लावलं.

एक सांगायचं हाय. निफाडकडून एक स्थळ समोरून आलंय. दिनेश नाव. वय थोडं जास्त हाय, पहिली बायको नांदली नाय, सोडून गेली. का गेली ते काही नीट सांगत नायत. पूर्वीचा मी असतो तर चहा देऊन वाटेला लावलं असतं. पण ते आपण होऊन आले, माझ्या दारात आले, मला मागावं लागलं नाय. १६ फेब्रुवारीला सुपारी फोडायची ठरली. मनीषाला विचारण्यासारखं काही नाय, ती गप हाय. गप हाय म्हणजे तिची हरकत नाय.

मेळाव्याला मी येणार नाय. पहिल्या रांगेत तुझ्या बापाला बसव.

मोतीराम


मळा
२२ जानेवारी २०२५

दादा,

मी फोन करू शकले असते. केला नाही, कारण फोनवर तू हसतोस आणि विषय बदलतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

आण्णांनी बटण एकदाच दाबलं. मी शेजारी उभी होते. दाबून राहिलं वगैरे काही नाही. दाबल्याबरोबर त्यांनी बोट असं मागे घेतलं, जणू तवा होता. तुला हे माहीत आहे, कारण ॲप तू लिहिलंयस. तुझं पत्र त्यांना मीच वाचून दाखवलं, चष्मा असतानासुद्धा, त्यांना माझ्याकडून ऐकायला आवडतं. "त्यात लाजण्यासारखं काही नाही" हे मी माझ्या तोंडाने वाचलं. आण्णा मान हलवत होते आणि बोटाकडे बघत होते.

आता माझे दोन प्रश्न आहेत. रोज सकाळी हात कोणी जोडले? आणि लाल फुली कोणी मारली? सिन्नरच्या लोकांनी की तू?

निफाडच्या स्थळाबद्दल तुला कळलंच असेल. मी दिनेशना पाहिलं. आले, बसले, मला एक प्रश्न विचारला, पहाटे किती वाजता उठतेस. उत्तर ऐकून घेतलं नाही, आण्णांशी बोलायला लागले. आई आत येऊन रडली आणि बाहेर जाऊन पोहे वाढले. मी काही म्हणणार नाही. बापाने महिनाभर मान वर केली नव्हती आणि त्या दिवशी ते लोक आले तेव्हा केली. ती मी पुन्हा खाली कशी घालू, तूच सांग.

महेशला मी एकदाच भेटले आहे, गेल्या वर्षी मेळाव्यात. पाण्याच्या पिंपाशी. त्याने मला ग्लास धुऊन दिला. बस, तेवढंच. तू उगाच काहीतरी समजू नकोस.

उत्तर दे. खरं दे.

मनीषा


नाशिक
३० जानेवारी २०२५

मनीषा,

तुझं पत्र खिशात घेऊन तीन-चार दिवस हिंडलो. मग रविवारी सिन्नरला गेलो, देवरामकाकांकडे.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. हात मी जोडले. फुली मी मारली.

ॲप लिहिताना मला एकच भीती होती, निरोप हरवण्याची. म्हणून सर्व्हरला शिकवलं, की समोरून उत्तर येत नाही तोवर तोच निरोप रोज सकाळी पुन्हा पाठव. मजकूर रूक्ष वाटू नये म्हणून ती नम्र विनंती आणि ते हात मीच टाकले. आम्हा लोकांच्या कामात उत्तर न येणं म्हणजे बिघाड. तुमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे, तेच उत्तर असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणापासून सगळी लग्नं बघूनसुद्धा. आण्णांचं पहिलं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. आणि तरी मी बोटाचं लिहिलं. लिहिताना माझा कान गरम झाला होता, पण लिहिलं. मग घाईघाईने दुसरी अक्कल चालवली. बरेच दिवस उत्तर नसेल तर रोज विचारण्याऐवजी सर्व्हरने एकदाच 'अमान्य' म्हणून कळवावं. तेही कोणाला न विचारता.

आता सिन्नरचं ऐक, आणि बसून ऐक.

देवरामकाका दारातच म्हणाले, "तुझ्या काकाला सांग, आमची एवढी थट्टा करायला नको होती." मला काही कळेना. काकू आतून फोन घेऊन आल्या. ॲप उघडून माझ्यासमोर धरला. तुमचा प्रस्ताव आला त्याच दिवशी त्यांनी उत्तर दिलेलं आहे. 'पसंत आहे. येत्या रविवारी मुलगी पाहायला आलो तर चालेल का?' आणि खाली हिरव्या अक्षरात, 'पाठवले'.

ते उत्तर सर्व्हरपर्यंत आलेलंच नाही.

कसं झालं ते मला तिथे त्यांच्या ओट्यावर बसूनच समजलं. फोन खिशात गेला की लाईन तुटते. पुन्हा हातात घेतला की जोडली जाते, पण त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात कोणी बटण दाबलं तर ते उत्तर फोनने जपून ठेवायला हवं आणि लाईन आली की द्यायला हवं. सर्व्हरने जपायचं हे मी लिहिलं. फोनने जपायचं हे लिहायचं राहिलं. फोन सरळ 'पाठवले' म्हणतो आणि विसरून जातो. मी टेबलावर दोन फोन ठेवून तपासलं होतं, ते कधी खिशात गेलेच नाहीत. म्हणजे ज्यांनी विचार करत वेळ काढला त्यांची उत्तरं पोचली. ज्यांना इतकं आवडलं की वाचल्याबरोबर हो म्हटलं, नेमकी त्यांचीच गेली.

त्या रविवारी ते लोक तयार होऊन बसले होते. तुमच्याकडून 'या' असं आलं नाही. वर रोज सकाळी तोच प्रस्ताव पुन्हा, हात जोडून. हो म्हटलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा 'कृपया विचार व्हावा'. त्यांना वाटलं, मोतीरामआण्णा डिवचतायत. आपण हो म्हटल्यावर पुन्हा कसं विचारायचं, म्हणून तेही गप्प. त्या काकू नाशिकच्या लग्नात हसत नव्हत्या गं, तोंड लपवत होत्या.

महेश घरी होता. मी निघताना गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, "आता काही उपयोग नसेल ना?" मी म्हटलं, बघू. बघू म्हणालो मी, मनीषा.

मला स्वतःची इतकी लाज वाटतेय की ऑफिसात कोणी ॲपचं नाव काढलं तरी मी चहाला उठून जातो. पण एक विनंती आहे. आण्णांना एवढ्यात सांगू नकोस. मेळावा ९ तारखेला आहे, बाबांनी सगळ्या नातेवाइकांना बोलावलंय. तो होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मळ्यात येतो आणि पायावर डोकं ठेवून सांगतो.

प्रफुल्ल


मळा
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

शाल आधी घेणार आणि खरं नंतर सांगणार, असंच ना? घे बाबा. तुला थंडी फार वाजते.

मी आण्णांना काही सांगणार नाही. ते तुझं काम आहे. आमच्या वतीने हात तू जोडलेस, आता तुझ्या वतीने मी बोलायचं का?

सुपारीची साडी आली. जांभळी आहे.

मनीषा


नाशिक
१० फेब्रुवारी २०२५

आण्णा,

नमस्कार लिहायचाही मला आज संकोच वाटतो. स्वतः येणार होतो. सकाळी स्टँडवर जाऊन कळवणच्या गाडीत बसलोही होतो, मग उतरलो. तुमच्यासमोर उभा राहिलो असतो तर पुन्हा काहीतरी गुंडाळलं असतं. म्हणून लिहितो. मनीषा वाचेल आणि ती एकही शब्द गाळणार नाही.

तुमचं बोट चुकलेलं नाही. तुम्ही एकदाच दाबलं. रोजचा निरोप माझ्या प्रोग्रॅमने पाठवला आणि ते हातही मीच जोडले. लाल फुली देवरामकाकांनी मारली नाही, तीही माझीच. रोजच्या निरोपाचं मला तुमचं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं आणि मी तुमच्यावर ढकललं. कारण तुम्ही विश्वास ठेवाल हे मला ठाऊक होतं. आणि सिन्नरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी होकार कळवला होता. तो माझ्या चुकीने वाटेत हरवला. कसा ते मनीषाला सविस्तर लिहिलंय.

काल मेळावा झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी वर गेलो. ठरवलं होतं की शाल अंगावर पडायच्या आत बोलायचं, पण अध्यक्षांनी घाईने टाकलीच. तशीच ती खांद्यावर घेऊन, नारळ हातात धरून मी माइकवर सांगितलं. ॲपमध्ये दोष आहे, माझ्यामुळे आहे. ज्यांना उत्तर आलं नाही त्यांनी तो नकार समजू नये. ज्यांनी होकार दिला त्यांनी तो पोचला असं समजू नये. आणि कळवणच्या मोतीरामआण्णांनी कोणालाही दुसऱ्यांदा विचारलेलं नाही, ते हात माझे होते. तुमचं नाव मी मुद्दाम दोनदा घेतलं.

मग मागून एक बाई उठल्या, म्हणाल्या, "आम्ही तर चांदवडवाल्यांना हो म्हटलं होतं." चांदवडवाले पलीकडच्याच रांगेत होते. त्यांच्या मुलाचं डिसेंबरात दुसरीकडे ठरलं. ती दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग सगळ्या हॉलमध्ये फोन निघाले. कोणी 'पाठवले' दाखवतंय, कोणी म्हणतंय, आमच्याकडे तर काहीच नाही. कोणी हसलं, कोणी भांडलं. एका आजोबांनी मला खाली ओढून विचारलं, "आता माझ्या नातीचं काय ते सांग."

शाल काढून कुठे ठेवावी तेही सुचेना. बाबा पहिल्या रांगेत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, चपला शोधत होते. काल रात्रीपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

ॲप मी बंद केलं आहे. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. पण १६ तारीख जवळ आली आहे, आण्णा. हे सगळं माहीत नसताना तुम्ही शब्द दिलात. एवढं लक्षात घ्या.

प्रफुल्ल


मळा
२० फेब्रुवारी २०२५

प्रफुल्ल,

तुझं पत्र १४ तारखेला आलं. मनीषानं वाचलं, मी ऐकलं. मग पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा मी स्वतः चष्मा लावून वाचलं.

तुझा राग आला. खोटं कशाला सांगू, तू समोर असतास तर हात उगारला असता. दोन महिने मी माझ्या बोटाला शिव्या घातल्या. भाकरी खाताना ते बोट मी दुमडून घ्यायचो, ठाऊक हाय तुला? पण चारचौघांत माझं नाव घेऊन खरं सांगितलंस, तेवढं बरं केलंस. तुझ्या बापाला मी पत्र टाकलंय, की पोराशी बोल. त्याला चपला सापडल्या असतील आतापर्यंत.

सुपारीचं विचारशील. आधी मी ठरवलं होतं, शब्द दिला तो दिला. तसं तुझ्या काकूला बोललोही. ती ओट्यावर धान्य निवडत होती. म्हणाली, "सिन्नरवाले गप बसले तर ते नाय म्हणाले असं तुम्ही समजला. मग घरात पोरगी गप बसली तर ती हो म्हणाली असं कसं समजला?"

प्रफुल्ल, एवढ्या वर्षांत लोक माझ्याकडं विचारायला यायचे, अमका गप हाय, काय समजायचं. गाव सोडून परगावचे यायचे. आणि माझ्या घरात ही गप बसलेली, ती मला समजली नाय. समजली नाय असंही नाय. समजून घ्यायची नव्हती. ते लोक आपण होऊन आले होते ना, मला तेवढं गोड वाटत होतं.

१५ ला सकाळी मी मनीषाला फुलांच्या वाफ्यात गाठलं. आपल्यात बाप असं विचारत नाय, मलाही कसं विचारायचं ते येईना. दोन-तीनदा झेंडूचं बोललो. मग एकदाचं म्हटलं, तुला निफाडला जायचं हाय का? ती म्हणाली, "नाही." लगेच म्हणाली. हातातलं फूलसुद्धा खाली ठेवलं नाय.

मग जीप पकडून वणीवरून निफाडकडं गेलो. त्यांच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं, आमची मुलगी नाय म्हणते, सुपारी होणार नाय. बसा असंही म्हणाले नायत. दिनेशचा चुलता म्हणाला, "रोज हात जोडणारा मोतीराम तो तूच ना? आता पोरगी बापाला नाचवायला लागली का?" बाया दारात येऊन ऐकत होत्या. मी ऐकून घेतलं, राम राम केला आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तोंडावर नाय म्हटलं. लय अवघड असतं. रस्त्यात दगडावर बसावं लागलं.

देवरामला मी अजून काही कळवलेलं नाय. मंडळात तुझं बोलणं झाल्यापासून त्यालाही सगळं ठाऊक हाय. येत्या रविवारी तुझी काकू आणि मी सिन्नरला जाऊन समोर बसून विचारणार. पोरगा अजून मोकळा असला तर ठीक, नसला तर त्यांच्याकडं जेवून येऊ. तू यायचं नाय. तुला मी बोलवीन तेव्हा ये.

निफाडहून आलो त्या संध्याकाळी मनीषानं चहा आणून दिला आणि समोर बसली. मी म्हटलं, ते लोक येऊन गेले, तारीख ठरली, साडी आली, तरी तू तोंड उघडलं नाय. आधी का नाय सांगितलंस? ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही विचारलं कुठं?"

चहा गार झाला तरी मी तसाच बसून होतो. तीही उठली नाय.

मोतीराम